‘श्वासोश्वासा’बद्दल एक तक्रार

नाशिक, १६ जानेवारी

ज्योत्स्नाबाई यांस,

हे पत्र तक्रार अर्ज म्हणून वाचावे. आधी कुशल विचारायची रीत आहे. पण आपण रोज सकाळी आमच्या शाळेत येऊन सगळ्यांचं कुशल स्वतःच विचारता, तेव्हा माझी भर नको.

तक्रार अशी. आपल्या कंपनीचा ‘सजग बालक’ हा उपक्रम आमच्या शाळेने दिवाळीनंतर घेतला. पहिला तास सुरू होण्याआधी पाचवी ते सातवीच्या वर्गांत, भिंतीवरच्या स्पीकरमधून, एक बाई मुलांना डोळे मिटायला, खांदे सैल सोडायला आणि मनातले ढग बघायला सांगतात. बाईंचा आवाज गोड आहे. मी तो सतरा वर्षं घरात ऐकला आहे, त्यामुळे या बाबतीत माझी साक्ष ग्राह्य धरायला हरकत नसावी. सगळी क्रियापदं आज्ञार्थी आहेत, तीही ओळखीचीच. मिटा, घ्या, सोडा, हसा. पण अगदी आरंभी, पहिल्याच मिनिटात, बाई म्हणतात, “आता आपल्या श्वासोश्वासाकडे लक्ष द्या.”

श्वासोश्वास!

बाई, हा शब्द असा नाही. श्वास अधिक उच्छ्वास. अ आणि उ मिळून ओ. श्वासोच्छ्वास. हा संधी मी आपल्याला लग्नाच्या पहिल्या वर्षी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना समजावून सांगितला होता. तेव्हा आपल्याला धाप लागली होती आणि आपण म्हणाला होतात, “उच्छ्वासाचं नंतर बघू, आधी श्वास घेऊ दे.” विनोद चांगला होता. पण तो विनोद होता हे ध्वनिमुद्रणाच्या वेळी आपण विसरलात. ‘श्वासोश्वास’ म्हणजे श्वास आणि श्वास. आत घेतला, वर आणखी आत घेतला. बाहेर सोडायची सोयच ठेवलेली नाही. (संस्कृतात उच्छ्वास नक्की कुठल्या दिशेचा याबद्दल दोन मतं आहेत. ती आपल्याला माहीत नाहीत, म्हणून मीही काढत नाही.) आमच्या शाळेतली पोरं दिवाळीपासून नुसती आत घेत आहेत. एखादा दिवस एखादं फुटेल आणि ते वाल्मीकला झाडूने गोळा करावं लागेल. आमचा शिपाई आधीच त्रासलेला आहे. कुंभमेळ्यासाठी खणलेल्या रस्त्यांची धूळ त्याला दिवसातून दोनदा झाडावी लागते.

पुढचं ध्वनिमुद्रण कसं आहे ते मी सांगू शकत नाही. पहिलं मिनिट संपलं की मी शिक्षकांच्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. कारण अर्थातच व्याकरण.

आजच्या काळात पत्र कशाला, असं विचाराल. गणपतीत फोनवर आपलं जे झालं त्यानंतर आपणच फर्मान काढलंत की वेदिकाच्या कानावर आईबापाचं भांडण पडायला नको, काय असेल ते लिहून कळव. ठरल्याप्रमाणे लिहून कळवतो आहे. दुरुस्ती करून घ्यावी.

वेदिका बरी आहे. शांत आहे.

आपला (तूर्तास कागदोपत्री),
किशोर

नाशिक, २ फेब्रुवारी

ज्योत्स्ना,

उत्तर नाही. बंगळुरूचं टपाल उशिरा येतं की बंगळुरूची माणसं उशिरा उत्तर देतात, हे पोस्टात विचारून पाहिलं. ते म्हणाले, “सर, टपाल वेळेवर आहे.” असो. आदरार्थी बहुवचन आता काढून ठेवतो. या थंडीत दोन स्वेटर पुरेसे आहेत.

तुझ्या उपक्रमाची आमच्याकडची प्रगती कळवतो. तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय की प्रत्येक शाळेने एक ‘सजगता मार्गदर्शक’ नेमावा. उज्वला मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, पी.टी.च्या ललित सरांना नेमलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, “शरीर त्यांच्याकडेच आहे, मनही त्यांच्याकडेच देऊ.” ललित सर सटाण्याकडचे. घरी फोनवर बोलताना पूर्ण अहिराणी, वर्गात नव्वद टक्के मराठी. पुस्तिकेत बघून त्यांनी मोठ्याने वाचलं, “आता सर्वांनी सावधान व्हावे.”

सहावी ब अख्खी ताडकन उभी राहिली. टाचा जुळवलेल्या, हात मांड्यांना चिकटवलेले.

“अरे बसा! बसून सावधान व्हा!”

“सर, बसून सावधान कसं होणार?” रोहित म्हणाला. हा रोहित वेदिकाच्या मागच्या बाकावर बसतो.

“मनाने सावधान रे. आतून.”

“मग मनाने विश्राम कधी, सर?”

ललित सर मला येऊन म्हणाले, “सर, तुम्ही संस्कृतवाले. हा शब्द आमचा शे का त्यांचा?” मी सांगितलं, शब्द त्यांचाच आहे. स अधिक अवधान, म्हणजे लक्ष देऊन. तुम्ही पन्नास वर्षं तो कवायतीला वापरलात, भटजींनी त्याआधी लग्नात वापरला. बोहल्यावर सावधान ऐकून पळून गेल्याची कथा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरात पळायला सतरा वर्षं लागली आणि पळाली ती नवरी, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

एरवी कारभार ठीक चालतो. मध्येच लष्कराच्या कॅम्पात तोफांचा सराव सुरू होतो, खिडक्यांची तावदानं थरथरतात. पुस्तिका म्हणते, बाहेरचे आवाज येऊ द्या, जाऊ द्या. पोरं तोफ येऊ देतात, जाऊ देतात. ललित सर म्हणाले, “तोफेला एक पोरगं हालत नाय, सर. शिट्टीला मात्र गालात हसतात. शिट्टीची वाट बघतात पोरं.” त्यांच्या गळ्यात शिट्टी कायम असते, ध्यानधारणेतसुद्धा. मी म्हटलं, मग वाजवत जा की मधूनमधून. ते माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत राहिले.

इथवरचं सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. आता पुढचं.

विज्ञान प्रदर्शनासाठी वेदिकाने गंगापूर धरणाची प्रतिकृती केली होती. थर्माकोलची भिंत, शाडूचे डोंगर, निळ्या जिलेटीनचं पाणी. डोंगर ओले राहू नयेत म्हणून घरातला पंखा रात्रंदिवस डोंगरांवर सोडलेला, आणि आम्ही दोघं ऐन थंडीत गोठलेल्या हिमालयासारखे बसलेलो. शाळेत नेल्यावर रोहितने ते कसं टिकतंय हे बघायला त्यावर कोपर टेकलं. मग दुसरं टेकलं. मग मित्रांकडे बघून हसला आणि बसलाच.

गेल्या वर्षी याच मुलीने कंपासपेटीवरून एका मुलाच्या दप्तराचा पट्टा उखडला होता. आठवतं? मुख्याध्यापिकेच्या खोलीत उभं करून “सॉरी म्हण” म्हटल्यावर म्हणाली होती, “आधी तो म्हणेल, मग मी विचार करीन.” तू घरी येईपर्यंत हसू दाबून धरलं होतंस आणि जिन्यात फुटलीस.

या वेळी तिने डोळे मिटले. पोटावर हात ठेवला. श्वास घेतला. डोळे उघडले आणि म्हणाली, “ठीक आहे.”

रोहित मार खायच्या तयारीने डोक्यावर हात धरून उभा होता. मार येईना. तो थोडा वेळ थांबला, मग रडायला लागला. “सर, ती मारतच नाही!” असं ओरडत ललित सरांकडे गेला. वर्गात त्या दिवशी शहाणं असं एकच वाक्य बोललं गेलं, ते हेच.

उज्वला मॅडमनी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी वेदिकाला पुढे बोलावलं आणि तुमच्या कंपनीचा ‘शांतिदूत’ बिल्ला लावला. टाळ्या झाल्या. धरण फोडणारा दुसऱ्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. धरण कुणी फोडलं यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. ज्याचं गाव वाहून गेलं त्यालाच पोहण्याचं पदक.

मी उज्वला मॅडमच्या खोलीत गेलो. म्हणालो, “मॅडम, त्या मुलाला बोलावून भरपाई तरी करायला लावा.” त्या म्हणाल्या, “सर, वेदिकाने किती छान सोडून दिलं! आपण मोठ्यांनी धरून ठेवायचं का? तुम्हीसुद्धा बसत जा सकाळी आमच्यात. आणि मॅडमचाच तर आवाज आहे!”

मॅडमचाच आवाज आहे, हे मला शाळेत सगळे आनंदाने सांगतात. मला राग आला आहे, ज्योत्स्ना. मी श्वास मोजलेले नाहीत. रागाचा बिल्ला तुमच्याकडे असेल तर पाठव.

किशोर

नाशिक, १९ फेब्रुवारी

ज्योत्स्ना,

तुझं पत्र आलं. तुझी पत्रं तशी संग्रही ठेवण्यासारखी नसतात, पण हे इथे उतरवून ठेवतो, म्हणजे कशाला उत्तर देतोय ते मलाही दिसेल.

“किशोर, श्वासोच्छ्वासाची तक्रार रास्त आहे. ते ध्वनिमुद्रण मी नोकरी लागायच्या आधी, नमुना म्हणून, घाईत घरीच केलं होतं. आता स्टुडिओत नव्याने केलं आहे. मार्चपासून सगळ्या शाळांना तेच जाईल. वेदिकाबद्दल तुझ्या पहिल्या पत्रात दोन शब्द होते, ‘बरी’ आणि ‘शांत’. व्याकरणाला पानभर जागा होती. मला तुझं न लिहिलेलंही वाचता येतं, पण या वेळी तू लिहिलंस तेवढंच वाचायचं मी ठरवलं. रविवारी ती माझ्याशीही व्हिडिओवर हसून बोलते. तिला राग यायला हवा आहे, की तुझ्या रागाला कुणी जोडीदार हवा आहे? ज्यो.”

पहिल्या भागाबद्दल आभार. आयुष्यात प्रथमच तू माझी व्याकरणाची दुरुस्ती मान्य केलीस. त्या आनंदात मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना चहा पाजला. ललित सरांनी विचारलं, “काय विशेष, सर?” मी म्हटलं, “उच्छ्वास परत आला.” त्यांनी माझं अभिनंदन केलं. कदाचित त्यांना तो माझा नातेवाईक वाटला असावा.

शेवटच्या प्रश्नाबद्दल आभार नाहीत. तो वाचून मी कागदाची घडी घातली, कपाटात ठेवली, आणि भाजी चिरायला घेतली. भाजी फार बारीक चिरली गेली.

तुला वाटतं मी घरबसल्या तुझ्यावर राग काढायला निमित्त शोधतोय. तर ऐक, मी काय काय करून पाहिलं ते. पन्नाशीला आलेला, दोन पदव्या घेतलेला मनुष्य पोटच्या पोरीला चिडवायला काय करतो, याची नोंद कुठेतरी असायला हवी.

तिची कंपासपेटी फ्रिजच्या वर लपवली. तिने शोधली, मिळाली नाही, पेन्सिलीने हातानेच वर्तुळ काढून दिलं. तिच्या मैत्रिणी घरी आलेल्या असताना तिला ‘वेदूबाळ’ म्हणून हाक मारली. या शब्दाला मागे तिने मला चप्पल फेकून मारली होती, आठवतं ना. आता म्हणाली, “आले बाबा.” ती कार्टून बघत असताना शेजारी बसून मी धातूंची रूपं म्हटली, मोठ्याने, तालात. तिने आवाज कमी केला. तिच्या टीव्हीचा.

रविवारी तिला मिसळ खायला नेलं. तिथे मिसळीसोबत जिलेबी देतात आणि वेदिका ती जिलेबी आधी वेगळी काढून ठेवते, मिसळीचा रस्सा लागू नये म्हणून वाटीने झाकते, हे तुला माहीत आहे. मी वाटी उचलली आणि जिलेबी खाल्ली. तिच्या डोळ्यांत बघून, सावकाश खाल्ली. शेजारच्या टेबलावरच्या बाई मला म्हणाल्या, “अहो, लहान लेकराची?” त्यांना आला बघ राग.

वेदिका म्हणाली, “ठीक आहे बाबा. तुम्हाला आवडते ना.”

आणि टेबलाखाली तिचा हात पोटावर होता. मी वाकून पाहिलं.

घरी आल्यावर मी शेवटचा उपाय केला, जो मला खरं म्हणजे एकच येतो. तिला व्याकरण शिकवलं. म्हटलं, हे बघ, मराठीत आपण कुणावर तरी रागावतो, पण संस्कृतात क्रुध् धातू आला की ज्याच्यावर राग त्याची चतुर्थी. जनकः पुत्राय क्रुध्यति, बाप मुलावर रागावतो. चतुर्थी म्हणजे देण्याची विभक्ती. ज्याला फळ द्यायचं त्याची चतुर्थी, ज्याच्यावर रागवायचं त्याचीही तीच. म्हणजे राग हीसुद्धा समोरच्याला द्यायची गोष्ट आहे. समोर कुणीतरी पाहिजे. आता तू एक वाक्य कर. कन्या, मग चतुर्थी, मग क्रुध्यति. कुणाचीही चतुर्थी घाल. माझीसुद्धा.

तिने विचार केला आणि म्हणाली, “कन्या न क्रुध्यति.”

व्याकरण निर्दोष.

आता तुझ्या पुस्तिकेबद्दल. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. ‘राग आल्यास काय करावे’ याला पानंच्या पानं आहेत. राग म्हणजे लाल फुगा, राग म्हणजे पाहुणा, राग म्हणजे उकळतं पाणी, त्याखालचा गॅस बंद करा. राग का आला, कुणामुळे आला, आणि त्या माणसाला जाऊन काही सांगायचं असतं का, याला एक ओळ नाही. तुम्ही मुलांना राग सोडायला शिकवता की गिळायला, हे तुमच्या कंपनीत कुणी कधी विचारलं का? आमचे तात्या देवळ्याला कांद्याचा भाव कोसळला की कांदाचाळीत जायचे, कांद्यांसमोर उभे राहून व्यापाऱ्यापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना क्रमाने शिव्या घालायचे, आणि येऊन जेवायचे. त्यांना अल्सर झाला नाही. आमच्या मुलांसमोर तुम्ही कांदेही ठेवत नाही.

न्यायाने एक सांगायला हवं. रोहित परीक्षेच्या आधी उलट्या करायचा, तो आता करत नाही. त्याच्या आईने येऊन मला सांगितलं आणि तुझ्यासाठी नमस्कार ठेवला. तो पोचवतो. तुझा मंत्र खोटा नाही. तो ज्याच्या कामाचा आहे त्याला लागला. पण भीतीचं औषध तू रागावर दिलंस, आणि तेही न तपासता, सगळ्या वर्गाला एकच चमचा.

जोडीदार मला नको आहे. मी एकटा पुरेसा रागावलेला आहे.

किशोर

नाशिक, ६ मार्च

ज्योत्स्ना,

हे पत्र लिहिलंय तेवढंच वाच. या वेळी त्यात सगळं लिहिलं आहे.

सोमवारी तुझं नवीन ध्वनिमुद्रण आलं. मी पहिलं मिनिट दाराशी उभा राहून ऐकलं. श्वासोच्छ्वास. स्वच्छ, सुटा, प्रत्येक जोडाक्षर जागेवर. मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले आणि शिक्षकांच्या खोलीत गेलो. थोड्या वेळाने ललित सर आले.

“सर, शिट्टी गेली.”

मी म्हटलं, “तुमच्या गळ्यात तर आहे.”

“ती नाय हो! कुकरची.”

“कुठल्या कुकरची?”

“मॅडम बोलतात ना, त्यांच्या मागं. मध्यावर एक कुकर शिट्टी मारायचा आणि कुणीतरी बारकं पोरगं बोलायचं. पोरं त्याचीच वाट बघायची. शिट्टी झाली की अर्धं झालं, असं धरून बसायची. आज आलीच नाय. सगळ्यांनी डोळे उघडले. आणि तुमची वेदिका उठली, सर. स्पीकरच्या खाली जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, काय गं? तर म्हणे, ‘सर, हे बिघडलंय.’ मी म्हटलं, बिघडलं नाय, नवीन शे. तशी जागेवर जाऊन बसली.”

“आणि?”

“आणि काय. डोळे मिटले. तिचं काय, गुणी पोर.”

मी वाल्मीकला घेऊन जुनं शोधलं. सापडलं नाही. तुमची यंत्रणा नवीन आलं की जुनं आपोआप पुसते. मी ते दिवाळीपासून रोज एक मिनिट ऐकलं आणि दार लावून घेतलं. पुढचं कधीच ऐकलं नाही.

संध्याकाळी जेवताना मी वेदिकाला विचारलं.

“त्या शिट्टीत काय होतं गं?”

“आपली होती ती.” ती भात कालवत होती. “आई स्वयंपाकघराच्या दारात बसून बोलत होती, बाहेर रस्ता खणत होते म्हणून. मला म्हणाली होती, तीन झाल्या की गॅस बंद कर. मी विचारायला गेले, ‘आई, तीन झाल्या, बंद करू?’ आईने बोलता बोलताच मान हलवली.”

“हे सगळं ऐकू यायचं?”

“नाही. ‘आई’ एवढंच यायचं. पुढचं पुसट होतं. मग आई म्हणायची, ‘मी इथेच आहे.’”

तिने एक घास घेतला. तीच म्हणाली, “ते आधीच लिहिलेलं वाक्य आहे बाबा, मला माहितीये. सगळ्यांसाठीच आहे. पण माझ्या हाकेनंतर लगेच यायचं.”

दिवाळीपासून रोज, ज्योत्स्ना. भरल्या वर्गात आपली मुलगी डोळे मिटून, पाठ ताठ करून, तेवढ्यासाठी बसत होती. ती तुला हाक मारायची आणि तू ओ द्यायचीस. आपण तिला त्याबद्दल बिल्ला दिला.

मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, ते नवीन माझ्यामुळे झालं. मी आईला लिहिलं होतं की श्वासोश्वास चूक आहे.

मला वाटलं, आता तरी. ताट ढकलेल, उठून जाईल, दार आपटेल. मी पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्या हाताच्या टप्प्यात सरकवून ठेवला.

ती म्हणाली, “तुमचं बरोबर होतं बाबा. श्वासोच्छ्वासच बरोबर आहे.” आणि विचारलं, “वरण वाढू का अजून?”

मी वाढून घेतलं. खाल्लं.

त्याच आठवड्यात होळी होती. आपल्या कॉलनीतली होळी तुला माहीत आहे. पोरं आधी पुरणपोळी, मग नारळ होळीत टाकतात, मग तोंडावर उलटा हात मारत बोंब ठोकत फिरतात. मी तिला घेऊन गेलो. मला वाटलं, इथे तर सगळ्या गावाला परवानगी आहे. वर्षात एक दिवस. सगळी पोरं होळीभोवती बोंबलत होती, आणि वेदिकाही त्यांच्यात गोल फिरत होती, तोंडावर हात मारत. मी जवळ गेलो. हात हलत होता. आवाज नव्हता.

मग मी बोंब मारली. तुला खरं वाटणार नाही. वाण्याच्या दुकानासमोर, सोसायटीच्या अध्यक्षांच्या देखत, मी तुझ्या नावाने बोंब मारली. मग माझ्या नावाने मारली. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, “सर, आज काय घेतलंय?” मी वेदिकाला म्हटलं, “आता तू. माझ्या नावाने मार. मोठ्याने.”

“नको बाबा.”

“अगं, होळी आहे.”

“नको.”

“का पण?”

तिने हात खाली घेतला. माझ्याकडे न बघता, होळीकडे बघत म्हणाली, “मी ओरडले होते ना त्या दिवशी. आई बॅग भरत होती तेव्हा. ‘जा मग, जा एकदाची’ म्हणून.”

“मग?”

“मग काही नाही.”

आणि माझा हात धरून म्हणाली, “चला बाबा, तुम्हाला धूर सोसत नाही.”

तुझं तिकीट त्याआधी पंधरा दिवस निघालेलं होतं. तिची परीक्षा होईपर्यंत आपण ते तिला सांगितलं नव्हतं. तिने पाहिलं ते एवढंच, की ती ओरडली आणि सकाळी दारात गाडी उभी होती.

जुनं ध्वनिमुद्रण तुझ्याकडे, कुणाकडेही, कुठल्याही यंत्रात शिल्लक असेल तर शोध. शिट्टीसकट आणि चुकीसकट. श्वासोश्वास चालेल. संस्कृत विभागाची काही हरकत नाही, हवं तर तसं शाळेच्या कागदावर लिहून देतो. पण नुसतं ते पाठवू नकोस. तू ये. राहायला ये असं मी म्हणत नाही, आपलं आपण दोघं नंतर भांडू. तू ये आणि तिच्यासमोर उभी राहा, आणि तिच्याकडून ओरडून घे, आणि ती ओरडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घरातच दिस. मीही शेजारी उभा राहतो. तिला दोन चतुर्थ्या लागतील.

आता जे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं ते लिहितो.

वेदिका शांत झालेली नाही. तिला वाटतं ती रागावली म्हणून तू गेलीस. घरात आता मी एकटा उरलो आहे, आणि ती माझ्याशी फार चांगलं वागते. मला त्याची भीती वाटते.

किशोर